बेदाण्याची तहान आणि चहाचा लोफ

डिसेंबर लागला की नागपुरात आंबिया बहाराची संत्री आणि घरोघरी केक करायची हौस एकदमच येतात. हल्ली फोनवर फिरणाऱ्या पाककृतींमध्ये ‘टी लोफ’ वारंवार दिसतो. वेल्स, आयर्लंड आणि उत्तर इंग्लंड या भागांतला हा जुना प्रकार आहे. वेल्समध्ये त्याला बारा ब्रिथ म्हणतात, आयर्लंडमध्ये बार्मब्रॅक. सुक्या फळांनी भरलेला, चहाचा मंद वास असलेला आणि अनेक घरांत तर लोण्याशिवायच केला जाणारा हलका लोफ. प्रत्येक पाककृतीत एक ओळ ठरलेली असते: ‘फळं रात्रभर कोऱ्या चहात भिजवा, म्हणजे चव मुरते.’ भिजवायचं कशाला, असं कुणी विचारलंच तर शिकलेला माणूस सांगतो, ‘परासरण! शाळेत नाही का मनुका पाण्यात टाकून फुगवल्या?’

दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. चव हा जोडलाभ आहे आणि परासरणाची, म्हणजे पडद्यातून पाणी आरपार जाण्याची, गोष्ट शाळेत सांगतात तेवढी सरळ नाही.

बेदाणे न भिजवता लोफ केला तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी चकती कापून उजेडात धरा. प्रत्येक बेदाण्याभोवती फिकट, कोरड्या गराचं (लोफच्या आतल्या मऊ भागाचं) कडं दिसतं, बोट लागलं की त्याचा भुगा ताटलीत पडतो. मधला बेदाणा मात्र काल होता त्यापेक्षा मऊ लागतो. डबा घट्ट बंद असेल तर लोफचं वजन जवळजवळ कालच्याइतकंच भरतं. म्हणजे पाणी उडून गेलेलं नसतं, आतल्या आत त्याने जागा बदललेली असते.

आता टक्केवारी पाहा. बेदाण्यात साधारण 15 टक्के पाणी असतं, लोफच्या गरात त्याच्या दुपटीच्या आसपास. जास्त आहे तिथून कमी आहे तिथे पाणी जाणार, असं सहज वाटतं आणि इथे उत्तरही बरोबर येतं. पण कारण चुकतं. पाणी किती आहे यावर ते कुठे जाणार हे ठरत नाही, ते किती मोकळं आहे यावर ठरतं. बेदाण्यातले पाण्याचे रेणू साखरेच्या रेणूंना चिकटून, अडकून असतात. हा मोकळेपणा मोजतात त्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, आपण जलसक्रियता म्हणू. पदार्थ बंद बरणीत ठेवायचा आणि त्याच्यावर जमणाऱ्या वाफेच्या दाबाला त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्यावरच्या वाफेच्या दाबाने भागायचं. शुद्ध पाण्याला 1 मिळतो, ताज्या द्राक्षाला 0.98च्या आसपास, फळांच्या केकच्या गराला साधारण 0.9, आणि बेदाण्याला 0.5 ते 0.6. जंतूंची वाढ अन्नातल्या पाण्याच्या टक्क्यांवर नव्हे तर या आकड्यावर अवलंबून असते, हे ऑस्ट्रेलियाच्या डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी 1953 मध्ये दाखवलं आणि अन्न टिकवण्याचं सगळं शास्त्र त्या पायावर उभं राहिलं.

या आकड्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की तो आणि हवामान खात्याची सापेक्ष आर्द्रता एकाच मापाने मोजले जातात. 0.6 जलसक्रियतेचा बेदाणा 60 टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवला तर तो ना वाळणार, ना ओलावणार. हवा त्याहून कोरडी असेल तर तो पाणी देईल, दमट असेल तर घेईल. नागपूरकराला हे समजवायला प्रयोगशाळा लागत नाही. मे महिन्यात आपल्याकडे दुपारची आर्द्रता 20-25 टक्क्यांवर उतरते आणि ऑगस्टमध्ये सकाळी 80च्या वर जाते. इतवारीच्या किराणा ओळीतल्या एका दुकानदारांना मी याबद्दल विचारलं, तर उघड्या पोत्यात हात घालत ते म्हणाले, “ताई, उन्हाळ्यात किसमिसचा माल वजनाला हलका होते अन् पावसाळ्यात भरते. पावसाळ्यात तं हाताले चिकटतेच.” जलसक्रियतेचा सगळा धडा या दोन वाक्यांत आहे.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय या ओढीचा जोर कळत नाही. जलसक्रियतेवरून परासरणी दाब काढता येतो. वायुस्थिरांक आणि निरपेक्ष तापमान यांचा गुणाकार करा, त्याला एक मोल पाण्याच्या आकारमानाने भागा, आणि आलेल्या संख्येला जलसक्रियतेच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणा. चिन्ह तेवढं उलटं करायचं. 25 अंश सेल्सिअसला पहिला भाग सुमारे 138 मेगापास्कल येतो. 0.6चा लॉगॅरिदम उणे 0.51. गुणाकार 70 मेगापास्कल, म्हणजे जवळजवळ 700 वातावरणांचा दाब! समुद्रात सात किलोमीटर खोल गेल्यावर अंगावर येईल इतका. गराचं हेच गणित 0.9 धरून केलं तर दीडशेच्या आत राहतं. म्हणजे बेदाणा आणि त्याला टेकलेला गर यांच्यात साडेपाचशे वातावरणांची तफावत असते. इतक्या जोराने ओढलं जाणारं पाणी थांबेल कशाला? द्रावणांच्या परासरणी दाबाचे नियम याकोबुस फान्ट हॉफ यांनी मांडले आणि रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल, 1901 सालचं, त्यांना मिळालं.

मग शाळेतलं परासरण चुकीचं का? चुकीचं नाही, अपुरं आहे. परासरणाला असा पडदा लागतो जो पाणी जाऊ देतो आणि विरघळलेला पदार्थ अडवतो. 1748 मध्ये फ्रान्सच्या नोले यांनी मद्यार्काच्या भांड्यावर डुकराच्या मूत्राशयाचा पडदा ताणून बांधला, ते भांडं पाण्यात ठेवलं आणि पडदा फुगताना पाहिला. ताज्या द्राक्षाच्या जिवंत पेशींना असे पडदे असतात. वाळताना ते फाटतात, पेशी मरतात. मागे उरते ती साल आणि पेशीभित्तींचं जाळं. ते साखरेला रेंगाळायला लावतं, पण पूर्ण अडवत नाही. पुरावा हवा असेल तर बेदाणे रात्रभर भिजलेला बिनसाखरेचा चहा सकाळी चाखून पाहा. तो गोड असतो. पाणी आत गेलं तशी साखर बाहेर आली. म्हणूनच तो चहा ओतून द्यायचा नाही, पिठात घालायचा.

सालीची गंमत याहून मोठी आहे. द्राक्षावर मेणाचा थर असतो आणि पाण्याला खरा अडथळा तोच करतो. सांगली-तासगावकडे द्राक्षं वाळवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुचकळतात. त्या तेलातला इथाइल ओलिएट मेणाच्या थरात शिरून पाण्याला वाट करून देतो, त्यामुळे द्राक्षं लवकर वाळतात आणि रंगही उजळ राहतो. भूमध्य समुद्राकाठचे शेतकरी हेच काम फार पूर्वीपासून लाकडाची राख आणि ऑलिव्ह तेल वापरून करत आले आहेत. पाणी बाहेर जायला केलेली ही वाट आत यायलाही उपयोगी पडते. न बुचकळता उन्हात वाळवलेल्या काळ्या मनुकांचं मेण शाबूत असतं, त्यांना वेळ आणि उष्णता दोन्ही जास्त द्या.

उष्णता का, तर 90 अंशांच्या पाण्याची विष्यंदिता (दाटपणा) 25 अंशांच्या पाण्याच्या जेमतेम एकतृतीयांश असते. रेणूंची विसरणाची चाल तेवढ्याने तिपटीहून वाढते. शिवाय पाण्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जर्दाळू अख्खा टाकला आणि अर्ध्या जाडीचा करून टाकला यात वेळेचा फरक चौपट. त्यामुळे चहा गाळून गरम असतानाच फळांवर ओता, मोठी फळं चिरून घ्या, झाकण ठेवा.

किती पाणी आत जायला हवं? 100 ग्रॅम बेदाण्यात 15 ग्रॅम पाणी आणि 85 ग्रॅम घन भाग. हे पाणी 35 टक्क्यांवर न्यायचं असेल तर एकूण वजन 131 ग्रॅमच्या आसपास व्हायला हवं (बाहेर येणारी साखर इथे धरलेली नाही). एका लोफमध्ये 250 ग्रॅम फळं घातली तर जवळजवळ 80 मिलिलिटर, म्हणजे अर्धी वाटी चहा नुसता फळांच्या पोटात जातो. तो आधी दिला नाही तर फळं तो गरातून वसूल करतात. उलटही होतं. फळं दोन दिवस भिजवून टरटरीत केली तर त्यांची जलसक्रियता गरापेक्षा वर जाते आणि तीच आजूबाजूला पाणी सोडतात. बेदाण्याभोवती चिकट, कच्चट डाग दिसतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. एक रात्र पुरे.

मग साधं पाणी का नाही? ओलावाच हवा असेल तर पाण्यानेही काम होतं. चहा लागतो तो गोडाला आवर घालायला. चहातली पॉलिफेनॉलं लाळेतल्या प्रथिनांना बांधतात, जीभ किंचित आवळल्यासारखी होते आणि एवढा सुका मेवा असूनही लोफ मिट्ट लागत नाही. आपली सीटीसी पावडर यासाठी उत्तम. 1930 च्या सुमाराला आसाममध्ये विल्यम मॅकर्चर यांनी बसवलेल्या या पद्धतीत पान चिरडून, फाडून, गोळीदार करतात, त्यामुळे अर्क झपाट्याने उतरतो. दुधाचा चहा मात्र नको. दुधातलं केसीन ही पॉलिफेनॉलं आधीच बांधून टाकतं, जिभेसाठी काही उरत नाही. संत्र्याचा रसही चहात पिळू नका. आम्लाने चहाचा रंग फिका पडतो, लिंबू पिळल्यावर पडतो तसाच, आणि लोफचा तांबूसपणा जातो. नागपुरी संत्र्याचा सुगंध सालीच्या केशरी भागातल्या तेलाच्या पिशव्यांत असतो, आणि ते तेल पाण्यात विरघळत नाही. एका संत्र्याची केशरी साल बारीक किसून गुळात चोळा. आतला पांढरा भाग कडवट असतो, तो घेऊ नका.

या लोफबरोबर काही दावेही फिरतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. ‘भिजवलेल्या मनुका रक्त शुद्ध करतात’, ‘चहाचा केक डिटॉक्स करतो.’ रक्तातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, मनुकांना त्यातलं काही येत नाही. लोहासाठी म्हणून कुणी हा लोफ खाणार असेल तर त्याने हेही जाणून घ्यावं की 100 ग्रॅम बेदाण्यात जेमतेम दोनेक मिलिग्रॅम लोह असतं आणि वनस्पतींतलं लोह शोषून घ्यायला चहातली पॉलिफेनॉलं अडथळाच करतात. अ‍ॅनिमियाच्या बाईला गोळ्यांऐवजी चहात भिजलेल्या मनुका सुचवणं हा तिच्या तब्येतीशी खेळ आहे. लोफ चवीसाठी खावा.

प्रमाण असं: बेदाणे-मनुका 250 ग्रॅम, दोन मोठे चमचे सीटीसीचा कडक कोरा चहा 220 मिलिलिटर, मैदा 225 ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ 125 ग्रॅम, एक अंडं, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, संत्र्याची साल. सकाळी फळांत, चहासकटच, गूळ आणि फेटलेलं अंडं घाला, मग मैदा आणि बेकिंग पावडर चाळून घाला. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. जास्त घोटलं की ग्लूटेनचं जाळं घट्ट होतं आणि लोफ चिवट होतो. फळं तळाशी बसू नयेत म्हणून त्यांना मैदा चोळतात, त्याचा फारसा उपयोग नाही. फळ किती वेगाने बुडतं हे त्याच्या आकाराच्या वर्गावर आणि पीठ किती दाट यावर ठरतं, म्हणून फळं बारीक आणि पीठ चमच्यावरून सावकाश पडेल इतपत दाट ठेवा. 165 अंशांवर तासाभरात होतो. ओव्हन नसेल तर शिटी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये, तळाशी मीठ पसरून मंद आचेवर करा, वेळ थोडा जास्त लागेल.

पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका आणि जमलं तर एक दिवस डब्यात राहू द्या. फळं आणि गर यांच्यातली उरलीसुरली तफावत त्या दिवसात मिटते. मे महिन्यात तासभरही उघडा ठेवला तर कड वाळते, तेव्हा झाकण लावायला विसरू नका. ऑगस्टमध्ये भीती बुरशीची, तेव्हा तीन दिवसांत संपवा. फ्रीजमध्ये ठेवण्याचा मोह मात्र टाळा: शिजलेला स्टार्च 4 अंशांच्या आसपास सगळ्यात झपाट्याने पुन्हा स्फटिकरूप घेतो आणि पाणी जागेवर असूनही गर शिळा, कडक लागतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तर चकत्या करून थेट फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तेव्हा एकेक काढून तव्यावर शेका.