पडद्यापलीकडची वही

ऑनलाइन गणिताबद्दल एक समज सगळीकडे आढळतो. उत्तम शिकवणारा शिक्षक शोधा, त्याचे तास नीट चित्रित करा, ते सगळ्यांना मोकळे करा, की काम झालं. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या व्याख्यानाला हे बऱ्याच अंशी चालेलही. गणिताला चालत नाही, कारण गणिताच्या तासाला शिक्षक बोलतो त्याहून महत्त्वाचं काम तो बोलणं थांबवल्यावर करतो. फळ्यावर उदाहरण घालून तो बाकांमधून फिरतो, वह्यांमध्ये डोकावतो आणि दोन सेकंदांत ओळखतो की या मुलाचं चिन्ह चुकलंय, त्या मुलीला कंसच उमगलेला नाही. व्हिडिओत शिक्षकाचा आवाज येतो, अक्षर येतं, पण वही दिसत नाही. म्हणून ऑनलाइन गणित शिकवण्याचा खरा प्रश्न असा आहे: न दिसणारी वही वाचायची कशी?

ती बऱ्यापैकी वाचता येते, कारण गणितातल्या चुका सहसा अंदाधुंद नसतात. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या संगणक प्रणालीचं नावच ‘बगी’ (‘बग’ म्हणजे प्रणालीतला दोष) होतं. त्यांना दिसलं ते असं, की चुकणारी अनेक मुलं एक नियम अगदी निष्ठेने पाळत असतात, फक्त तो नियम चुकीचा असतो. प्रत्येक चुकीच्या नियमाचं उत्तरही ठरलेलं असतं.

५०३ − २४७ हे उदाहरण घेऊ. बरोबर उत्तर २५६. आता चार वह्या पाहा.

पहिल्या वहीत ३४४ आहे. या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: ७ मधून ३ गेले ४, ४ मधून ० गेले ४, ५ मधून २ गेले ३. कोणता अंक वर आणि कोणता खाली, याला त्याच्या लेखी अर्थ नाही. दुसऱ्या वहीत ३५६ आहे. इथे एककाला १३ मिळाले, दशकातल्या शून्याचे ९ झाले, पण ते ज्या शतकातून आले त्या ५ चे ४ करायचे राहून गेले. तिसऱ्या वहीत १६६. एककासाठी उसना घेताना या मुलीने शून्याला ओलांडून थेट शतकाकडून घेतला, ५ चे ४ झाले. मग दशकात ० मधून ४ जाईनात म्हणून पुन्हा शतकाकडे गेली, ४ चे ३ झाले. १३ − ७ = ६, १० − ४ = ६, ३ − २ = १. चौथ्या वहीत ७५०, म्हणजे चिन्ह न बघता बेरीज केली.

या चौघांना ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असा एकच संदेश देणं निरर्थक आहे. चौथ्याला फक्त चिन्हाकडे बोट दाखवायला हवं. पहिल्याला वजाबाकी म्हणजे काय, इथपासून सुरुवात हवी. मधल्या दोघांना उसना घेणं येतं, ते शून्यापाशी अडतात. त्यांना एका शतकाचे दहा दशक, मग त्यातल्या एका दशकाचे दहा एकक, असं दोन टप्प्यांत चित्राने दाखवावं लागतं.

आता हाच प्रश्न ५८६ − २४३ असा विचारला असता तर? उसना घेण्याची वेळच येत नाही, त्यामुळे बेरीज करणारा सोडून सगळे ३४३ लिहितात. ५८६ − २४७ विचारला तर पहिला मुलगा ३४१ लिहून सापडतो, पण शून्याशी अडखळणारे दोघे ३३९ हे बरोबर उत्तर देऊन निसटतात. प्रश्नातले आकडे कसे निवडले, यावर त्या प्रश्नाला काय दिसणार हे ठरतं. ऑनलाइन चाचणी तयार करताना सर्वांत जास्त वेळ इथे घालवायला हवा, आणि सर्वांत कमी वेळ इथेच घालवला जातो.

दशांश अपूर्णांकांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मेलबर्न विद्यापीठातल्या केय स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. प्रश्न साधा असतो: दोनपैकी मोठी संख्या कोणती? काही मुलं ‘जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी’ असं धरतात. ०.२५ ला ‘पॉइंट पंचवीस’ आणि ०.७ ला ‘पॉइंट सात’ असं वाचायची सवय असेल तर पंचवीस हे साताहून मोठे वाटणारच. म्हणून ‘शून्य पूर्णांक दोन पाच’ असं अंक सुटे वाचणं चांगलं. काही मुलं बरोबर उलटं धरतात: शतांश हे दशांशापेक्षा लहान, म्हणून जास्त अंक असलेली संख्या लहान.

आता ०.२५ आणि ०.७ ही जोडी द्या. पहिल्या गटातली मुलं ०.२५ निवडतात आणि चुकतात. दुसऱ्या गटातली ०.७ निवडतात आणि चुकीच्या कारणाने बरोबर ठरतात. पुढची जोडी ०.४६ आणि ०.३ द्या. इथे पहिला गट बरोबर येतो, दुसरा चुकतो. दोन्ही गटांना दोनपैकी एक गुण. गुणपत्रक सारखं, दुखणं मात्र एकमेकांच्या उलट. गुणांची बेरीज करून ती पडद्यावर दाखवली की नेमकी हीच माहिती पुसली जाते. म्हणून अशा प्रश्नांत बेरजेपेक्षा कोणत्या जोडीत चूक झाली ते तपासावं.

संगणकाकडून आकडे आपोआप निवडून घेतले, की आणखी एक धोका येतो. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे मिळावेत, नक्कल होऊ नये, हा हेतू रास्त आहे. पण समजा आयताचं क्षेत्रफळ विचारलं आणि संगणकाने बाजू ३ आणि ६ निवडल्या. क्षेत्रफळ १८, परिमितीही १८. परिमिती काढणारा विद्यार्थी पूर्ण गुण घेऊन जातो. असे आयत किती? लांबी ल आणि रुंदी र धरली तर ल × र = २ल + २र हवं. सगळं एका बाजूला आणून दोन्हीकडे ४ मिळवले की (ल − २)(र − २) = ४ मिळतं. पूर्णांकांत ४ चे अवयव १ × ४ किंवा २ × २, म्हणून ३ × ६ आणि ४ × ४ हे दोनच आयत. ते वगळा, आणि प्रश्न शुद्ध झाला.

असे अपघाती योग जागोजाग दबा धरून असतात. २² मध्ये पायाला घातांकाने गुणलं तरी ४ च येतात. २³ मध्ये ६ आणि ८ वेगळे पडतात. २, ४, ६ यांचा मध्य (सरासरी) ४ आणि मध्यकही (क्रमाने मांडल्यावर मधली संख्या) ४. (१, १) आणि (४, ४) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ सूत्र उलटं लिहिलं तरी १. म्हणून प्रश्न बनवताना बरोबर उत्तराच्या सूत्राशेजारी प्रत्येक चुकीच्या नियमाचं सूत्रही लिहावं आणि दोन्हींचं उत्तर एक येत असेल तर ते आकडे टाळावेत, अशी अट संगणकाला घालावी.

बीजगणितात चार पर्यायांच्या प्रश्नांवर अवलंबून राहू नये. ‘अवयव पाडा’ या प्रश्नात पर्याय दिसले, की विद्यार्थी ते गुणून पाहतो आणि अवयव न पाडताच उत्तर मिळवतो. उत्तर लिहूनच घ्यावं. ख्रिस सँगविन यांनी सुरू केलेली ‘स्टॅक’ ही मुक्त प्रणाली, जी ‘मूडल’ या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या प्रणालीसोबत वापरता येते, विद्यार्थ्याने लिहिलेली राशी बीजगणिताने तपासते; क्ष(क्ष + २) आणि क्ष² + २क्ष या तिला समान दिसतात. पण नेमका इथेच सापळा आहे. ‘क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडा’ असं विचारलं आणि विद्यार्थ्याने प्रश्नच उचलून उत्तराच्या चौकटीत टाकला, तर फक्त समानता पाहणारी तपासणी त्याला बरोबर ठरवेल, कारण ती राशी उत्तराशी समान आहेच! म्हणून समानता आणि रूप (उत्तर खरंच अवयवांच्या रूपात आहे का) अशा दोन तपासण्या लावाव्या लागतात.

आणि चूक सापडल्यावर काय सांगायचं? कोणी (क्ष + ३)² = क्ष² + ९ लिहिलं, तर लगेच सूत्र दाखवू नका. ‘क्ष = १ ठेवून दोन्ही बाजू काढून पाहा’ एवढंच म्हणा. एकीकडे १६ येतात, दुसरीकडे १०. चूक त्याची त्यालाच दिसते, आणि पुढे स्वतःचं उत्तर तपासायचं एक हत्यार हाती येतं. मात्र इथेही आकडा जपून सुचवावा. क्ष = ० ठेवला तर दोन्हीकडे ९ येतात आणि चुकीवर शिक्कामोर्तब होतं.

व्हिडिओचं काय, हे थोडक्यात. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ साली ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या ४ अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याच्या वेळेचा मध्यक ६ मिनिटांच्या वर गेला नाही. हाताने लिहीत जाणारे व्हिडिओ तयार स्लाइड्स दाखवणाऱ्या व्हिडिओंपेक्षा जास्त वेळ पाहिले गेले. हे आकडे पाहण्याचे आहेत, समजण्याचे नव्हेत, हे विसरू नये. तरी एका व्हिडिओत एकच कल्पना, ओळ लिहिता लिहिताच तिचं कारण, आणि आकृतीतल्या बाजूंची मापं खाली यादीत न देता आकृतीवरच, एवढं पाळलं तरी नवशिक्याच्या डोक्यावरचा भार बराच उतरतो.

त्यानंतर लगेच कोरा प्रश्न देऊ नये. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारे विद्यार्थी तशाच प्रश्नांत अधिक वेगवान ठरले आणि कमी चुकले. व्यवहारात ते असं करायचं. ३(क्ष − २) = २क्ष + ५ हे पूर्ण सोडवून दाखवा: ३क्ष − ६ = २क्ष + ५, मग ३क्ष − २क्ष = ५ + ६, मग क्ष = ११. दुसऱ्या उदाहरणात शेवटची पायरी रिकामी ठेवा, तिसऱ्यात शेवटच्या दोन, चौथ्यात सगळ्या. प्रत्येक रिकामी पायरी म्हणजे वहीत डोकावायची एक खिडकी. ज्याला हे आधीच येतं त्याला मात्र या पायऱ्या अडथळा होतात. त्याच्यासाठी सुरुवातीलाच दोन प्रश्नांची चाचणी ठेवून पुढे जायची वाट मोकळी करा.

सरावाच्या बाबतीत कोर्स चालवणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत होते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावात सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ टक्क्यांवर! सलग सरावात कोणतं सूत्र लावायचं हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवावं लागतं. आता सरावाचा आलेख पाहून ‘हा धडा छान जमला’ म्हणणारा माणूस कोणता धडा निवडेल, ते उघड आहे. दर सरावसंचात निम्मे प्रश्न मागच्या धड्यांतले घाला, आणि सरावाचे गुण घसरले तर घाबरू नका.

‘दृश्य पद्धतीने शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’ अशी विद्यार्थ्यांची वर्गवारी करून देणाऱ्या प्रणालींवर पैसा घालवायची गरज नाही. हॅरल्ड पाश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या दाव्यामागचा पुरावा तपासला. शैलीप्रमाणे शिकवलं की जास्त शिकणं होतं, असं म्हणण्याजोगा आधार त्यांना मिळाला नाही. आकृती भूमितीत सगळ्यांनाच लागते.

शेवटचं काम दर आठवड्याचं. प्रत्येक प्रश्नाला आलेली चुकीची उत्तरं उतरवून घ्या आणि सर्वाधिक वेळा आलेलं वर, अशी मांडा. ज्या उत्तरांमागचा नियम माहीत आहे त्यांना संदेश आधीच जोडलेला असेल. उरलेल्यांपैकी जे वारंवार येतं त्याच्याशी कागद-पेन्सिल घेऊन बसा. ५०३ − २४७ च्या यादीत समजा २६६ पुन्हा पुन्हा दिसतंय. हे वरच्या चार वह्यांत नव्हतं. एककात ६, म्हणजे १३ − ७ बरोबर. शतकात २, म्हणजे ५ चे ४ झालेत, तेही बरोबर. दशकात ६, म्हणजे १० − ४. शतकाकडून दहा दशक आले, त्यातला एक एककाकडे गेला, पण १० चे ९ केलेच नाहीत. या विद्यार्थ्याला दोन्ही टप्पे येतात, फक्त मधली एक खूण राहते. त्याला संदेश एका ओळीचा पुरे: ‘एककाला दिल्यावर दशकाकडे किती उरले?’