'शब्द फक्त ७ टक्के' हे खरं नाहीये
बोलण्याचा अर्थ पोचवण्यात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५, हे पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये वर्षानुवर्षं सांगतात, पण मूळ संशोधन असं म्हणतच नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी दोन छोटे प्रयोग केले, एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, दुसऱ्यात टेपवर 'मेबी' (म्हणजे 'कदाचित') एवढा एकच शब्द आणि सोबत चेहऱ्याचे फोटो, आणि विचारलं काय तर बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही. बस्स एवढंच! दोन्हींचे आकडे जोडून सूत्र झालं. भावना, आवडनिवड सोडून बाकी बोलण्याला ते लागू नाही हे स्वतः मेहराबियन यांनीच सांगितलंय. नाहीतर तमिळ न येता तमिळ बातम्या आपल्याला ९३ टक्के कळल्या असत्या ना?