अभिरक्षक (संग्रहालय)

अभिरक्षक : वस्तुसंग्रहालयातील संग्रह मिळवणे, नोंदणे, जपणे, अभ्यासणे आणि मांडणे ही कामे पाहणारा अधिकारी. सरकारी मराठीत ‘अभिरक्षक’, ‘सहायक अभिरक्षक’ ही पदनामे रूढ आहेत. बोलताना मात्र सगळे ‘क्युरेटर’च म्हणतात. मोठ्या संस्थेत त्याच्या वर संचालक असतो आणि पैसा, इमारत, विश्वस्त मंडळ हे व्याप तो सांभाळतो. लहान संग्रहालयात तिकीटखिडकीपासून गळक्या छपरापर्यंत सारे अभिरक्षकाच्याच गळ्यात पडते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २०,००० वस्तू आहेत. दालनांत मांडलेल्या त्यांतल्या थोड्याच. बाकीच्या कोठारात. अभिरक्षकाचा बहुतेक वेळ या न दिसणाऱ्या भागातच जातो, आणि तिथले मुख्य हत्यार म्हणजे नोंदवही. वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो. ती कोणाकडून, केव्हा, देणगी म्हणून की विकत आली, माप काय, कुठे तडा आहे, हे त्या क्रमांकापुढे लिहिले जाते. क्रमांक वस्तूवर सहज न दिसणाऱ्या जागी घालतात. कापडावर तो फितीवर लिहून ती फीत टाक्यांनी शिवतात. नोंद नसलेली वस्तू चोरीला गेली, तर ती आपली होती हेसुद्धा सिद्ध करणे अवघड.

दुसरी लढाई हवा आणि उजेडाशी. कोकणपट्टीत पावसाळ्यात बुरशी धरते, कागदाला कसर लागते, लाकडाला वाळवी. लघुचित्रे आणि जुनी वस्त्रे साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेडात ठेवत नाहीत, कारण उडालेला रंग परत येत नाही. दालन अंधारे असल्याची तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाला हे सहसा कोणी सांगत नाही.

मुंबईच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा इतिहास या पदाचे मोल दाखवतो. १८५७ च्या धामधुमीत फोर्टमधील बराकीची जागा लष्कराला हवी झाली आणि तिथला मूळ संग्रह बराचसा नासला. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी अभिरक्षक म्हणून तो पुन्हा उभा केला. जगन्नाथ शंकरशेट व भाऊ दाजी त्यांच्या पाठीशी होते. आजची इमारत १८७२ मध्ये खुली झाली. पुढे सेसिल बर्न्स यांच्याकडे जे. जे. कलाशाळेचे प्राचार्यपद आणि अभिरक्षकपद दोन्ही असल्याने कलाशाळेचे हात संग्रहालयाला मिळाले. संग्रहालयातले मातीचे छोटे पुतळे पाहताना हे आठवावे.

कायद्याची बाजू रुक्ष, पण टाळता येत नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा नाणे पुरावशेष ठरते (हस्तलिखितांना ७५ वर्षे) आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून देणगी घेण्याआधी वस्तू देणाऱ्याकडे कशी आली हे विचारावे लागते, समोरचा कितीही प्रतिष्ठित असो.

राणीच्या बागेत संग्रहालयाशेजारीच प्राणिसंग्रहालय आहे. तिथल्या नोंदवहीत जन्म आणि मृत्यूही चढतात. दोन्ही क्षेत्रांची गाठ पडते ती पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी. पूर्वी कातडे टिकावे म्हणून त्याला आर्सेनिकयुक्त साबण चोळत, त्यामुळे जुना वाघ हलवताना आजही हातमोजे घालावे लागतात.