स्कूटरचं ट्यूबलेस आणि माउंटन बाइकचं ट्यूबलेस

पणजी, म्हापसा, डिचोली, कुठंही नवी माउंटन बाइक घेतलेल्या माणसाला विचारा. चार महिन्यांनी त्याची तक्रार ठरलेली असते: "ट्यूबलेस करून घेतलं, पैसे गेले, आणि रोज सकाळी बघावं तर हवा कमी. आमच्या स्कूटरला महिनोन्‌महिने बघावं लागत नाही." बहुतेक वेळा टायर खराब नसतो आणि दुकानदारानंही फसवलेलं नसतं. स्कूटरचं ट्यूबलेस डोक्यात ठेवून सायकलचं ट्यूबलेस विकत घेतलेलं असतं. हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

स्कूटरचं तुम्हाला ठाऊक आहे. खिळा घुसला तरी हवा सावकाश जाते, पंक्चरवाला दोरी कोंबतो, आपण पुढं निघतो. त्यातली एकच गोष्ट इथं लक्षात घ्यायची. त्या टायरच्या आतल्या अंगाला ब्युटिल जातीच्या रबराचा अखंड थर असतो, त्यातून हवा जवळजवळ झिरपत नाही. रिम ओतीव किंवा दाबलेल्या पत्र्याची, तिला व्हॉल्व्हखेरीज हवा जाईल असं भोक नाही. हवा धरून ठेवायचं सगळं काम कारखान्यातच उरकलेलं असतं.

सायकलच्या बाबतीत ते काम कारखान्यानं तुमच्या गळ्यात घातलेलं असतं. टायर म्हणजे नायलॉनच्या धाग्यांचं कापड आणि त्यावर रबराचा पातळ लेप. हलक्या टायरची बाजूची भिंत तर दोन बोटांनी दुमडता येते. असल्या टायरमध्ये नुसती हवा भरून साबणाचं पाणी लावलं, तर भिंतीवरच बारीक बुडबुडे दिसू शकतात. तो टायर सदोष नाही, तसाच बनवलेला आहे. रिमला तर प्रत्येक तारेमागं एक भोक, साधारण 28 किंवा 32. ती हवाबंद टेपनं झाकायची. व्हॉल्व्ह वेगळा, रबरी बुडाचा, वरून नट आवळलेला. एवढं करूनही ज्या फटी उरतात त्या मिटवायला आत लॅटेक्सचं, म्हणजे पातळ रबराचं, सीलंट ओतायचं.

खरा घोळ इथं आहे. स्कूटरवाले पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये जेल घालतात. ते जास्तीचं, घातलं नाही तरी गाडी चालते. त्यामुळे सायकलचं सीलंटही तसलंच काहीतरी असेल, एकदा घातलं की झालं, अशी समजूत होते. पण सायकलमध्ये सीलंट जास्तीचं नसतं. स्कूटरच्या टायरला कारखान्यात मिळालेला आतला थर सायकलला हे सीलंट देतं. आणि ते सुकतं. सायकल मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल तर आणखी लवकर सुकतं. मग टायरच्या आत रबराची पापुद्रेदार साल उरते, नवं भोक बुजवायला ओलं काही राहत नाही आणि हवा जायला लागते. दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून थोडं भरायचं, एवढाच त्यावर इलाज. 29 इंची, 2.3 ते 2.4 रुंदीच्या टायरला एकूण साधारण 100 ते 120 मिलि लागतं. चाक कानाजवळ धरून हलवा. खळखळ ऐकू आली तर ठीक.

आणि कृपा करून ते स्कूटरचं हिरवं जेल सायकलमध्ये ओतू नका. त्यात बहुतेक ग्लायकोल आणि तंतू असतात. भोकात बोळा बसवणं हे त्याचं काम. टायरची पातळ भिंत आतून सारवून काढायला लॅटेक्सच लागतं. वर ते जड, आणि एकदा घातलं की साफ करताना नाकी नऊ येतात.

गंमत म्हणजे सायकलवाल्यांनी आधी स्कूटरचाच रस्ता धरला होता. 1999 मध्ये माव्हिक, मिशेलिन आणि हचिन्सन या कंपन्यांनी यूएसटी नावाची पद्धत आणली. टायरला आतून हवाबंद अस्तर, रिमच्या आतल्या भिंतीला तारांची भोकं नाहीत, टेप नको, सीलंटचीही सक्ती नाही. टायर जड झाले, रिमा महाग पडल्या. हलका टायर घेऊन सीलंटनं भागवायचा मार्ग पुढं सोपा ठरला आणि आज टायरवर 'ट्यूबलेस रेडी' असं छापलेलं असतं. पुढचं तुम्ही बघा, असा त्याचा सरळ अर्थ.

मग एवढा व्याप कशाला? पंक्चर टाळायला, हे उत्तर पुन्हा स्कूटरचंच. करवंदीच्या जाळीतले काटे सीलंट बुजवतं, हा फायदा आहेच, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला फायदा कमी हवेचा. पेडण्याच्या सड्यावर किंवा सत्तरीतल्या पायवाटांवर जांभ्याच्या कडा वर आलेल्या असतात. ट्यूब असेल तर कड आणि रिम यांच्यामध्ये ती चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून सत्तर किलोचा माणूस नाइलाजानं 30 ते 35 पीएसआय भरतो आणि जांभ्यावर चेंडूसारखा उडत जातो. ट्यूबच नसली तर पुढं 22, मागं 24-25 वर चालवता येतं. टायर दगडावर दबून बसतो, पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावरही थोडी तरी पकड मिळते. ट्यूबलेस करूनही 35 भरून फिरणारे भेटतात तेव्हा हात जोडावेसे वाटतात.

कमी हवेवर चालवायचं म्हणूनच रिमबाबत तडजोड नको. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमला टायरची कड बसायला सपाट ओटा असतो आणि ती मधल्या खोबणीत घसरू नये म्हणून बारीक उंचवटा. साध्या रिमला बहुधा हे नसतं. "कुठलीही रिम टेप मारून ट्यूबलेस करून देतो" म्हणणाऱ्या दुकानातून मी सरळ बाहेर पडतो. दुकानात हवा टिकते, पण वळणावर टायर एका बाजूला दाबला गेला की कडेतून फस्सकन हवा जाते, आणि कधी टायरच उतरतो.

रुंदी बघायची ती आतली. बाहेरून मोजलेला आकडा टायरच्या काही कामाचा नाही. रिमवर 30 बाय 622 असं काही लिहिलेलं असेल तर 30 ही मिलिमीटरमधली आतली रुंदी आणि 622 हा 29 इंची चाकाचा, टायरची कड बसते तिथला व्यास. 2.25 ते 2.5 इंची टायरला आत 25 ते 30 मिलिमीटर हवी. टेप त्याहून दोन-चार मिलिमीटर रुंद घ्यायची. कार्बन रिमा जांभ्यावर कोणाला हव्या असतील त्यांनी घ्याव्यात. मला चेपलेली ॲल्युमिनियम परवडते. समुद्राजवळ राहत असाल तर तारा रिमला आवळणारी निपलं मात्र पितळेचीच.

व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असतो, पंपावर हवा भरायला छोटा अडॅप्टर लागतो. संपलं.

टायर निवडताना लोक वरच्या रबरी ठोकळ्यांची नक्षी बघत बसतात, मी आधी भिंत बघतो. जांभ्याची धार टायर तळाशी कमी आणि बाजूला जास्त फाडते आणि लांब चिरीपुढं सीलंट हतबल असतं. मागच्या चाकाला तरी जाड भिंतीचा घ्या, मॅक्सिस कंपनीचा 'एक्झो' जातीचा किंवा तत्सम, दोनशे ग्रॅम वाढले तर वाढू द्या. तळाला मोठं भोक पडलं तर सायकलसाठी मिळणारी बारीक दोरी वापरा. स्कूटरच्या पंक्चरवाल्याकडे नेऊ नका. त्याचं कौशल्य वादातीत, पण त्याची सुई आणि कानस जाड टायरसाठी आहे. सायकलच्या पातळ कापडात ती फिरली की काट्याएवढं भोक बोटाएवढं होतं.

आणि ट्यूबलेस असलं तरी पिशवीत एक ट्यूब ठेवा. भिंत फाटली की तीच घरी आणते. ती घालण्याआधी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढा आणि टायरच्या आतून सगळीकडं सावकाश बोटं फिरवा. सीलंटनं बुजवलेले करवंदीचे जुने काटे तिथंच टोकं काढून बसलेले असतात. ते उपटल्याशिवाय ट्यूब घातली तर शंभर पावलंही जाणार नाही.