अणु-सेफगार्ड पालनाविषयीची आंतरराष्ट्रीय चिंता

युरेनियम, प्लुटोनियमसारखी अणुसामग्री फक्त शांततेच्या कामी वापरू आणि तिचा हिशेब आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला दाखवू, असा करार केलेल्या देशाचा हिशेब जुळेनासा झाला की जगभरातून जी शंका, चौकशी आणि दबाव सुरू होतो, त्याबद्दलची ही नोंद आहे. या करारातील तपासणीच्या व्यवस्थेला ‘सेफगार्ड’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रे तिला सर्रास ‘अणुसुरक्षा’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

खानदेशातल्या वाचकाला हा घोटाळा तापीकाठीच सोडवता येतो. भुसावळ, प्रकाशा मागे टाकून तापी गुजरातेत उकाई धरणात शिरते आणि पुढे काक्रापारला पोचते; तिथे अणुवीज केंद्र आहे. ११ मार्च २०१६ रोजी तेथील पहिल्या अणुभट्टीत जड पाण्याची, म्हणजे भट्टी थंड ठेवणाऱ्या खास पाण्याची गळती झाली. तो प्रश्न सुरक्षेचा, म्हणजे अपघाताचा होता. त्याच अणुभट्टीतले इंधन किती आले, किती जळले आणि जळालेले कुठे ठेवले, हे व्हिएन्नाहून, म्हणजे संस्थेच्या मुख्यालयातून आलेला निरीक्षक मोजतो तेव्हा ते सेफगार्ड. भारत अण्वस्त्र प्रसारबंदी करारात नाही. त्यामुळे २००८ साली मंजूर झालेल्या वेगळ्या करारानुसार ठरावीक नागरी केंद्रेच या तपासणीखाली येतात. काक्रापारच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या त्यांत आहेत.

हिशेबाची रीत जिनिंगवाल्याला नवी वाटणार नाही. क्विंटलभर कापूस रेचला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी, आणि किलो-दोन किलो घट. ओलावा, कचरा, उडालेली तूस यांमुळे घट येणारच. ती शून्य दाखवणाऱ्या वहीवरच मालक आधी संशय घेईल. अणुसामग्रीचेही तसेच आहे. आरंभीचा साठा अधिक आवक, वजा जावक, वजा अखेरचा साठा. जे उरते ते ‘हिशेबात न लागलेले’. नळ्यांना चिकटून राहिलेले, मोजमापात चुकलेले असे थोडे नेहमीच उरते. फरक इतकाच की इथे ८ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियममधले (म्हणजे युरेनियम-२३५ या फुटणाऱ्या प्रकाराचे प्रमाण खूप वाढवलेल्या युरेनियममधले) २५ किलो युरेनियम-२३५ एवढी तूटसुद्धा एका बॉम्बपुरती मानली जाते.

म्हणून तूट आणि लबाडी एक नव्हेत. जपानच्या तोकाई येथे जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणाऱ्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात सुमारे २५ वर्षांच्या कामात २०६ किलो प्लुटोनियमचा मेळ लागत नसल्याचे २००३ मध्ये पुढे आले. आकडा धडकी भरवणारा होता. पण वह्या उघड्या होत्या, निरीक्षक आत होते, आणि बराचशा फरकाचा पुढे खुलासा मिळाला. उत्तर कोरियाचे उलट झाले. त्याने १९९२ मध्ये जेमतेम ९० ग्रॅम प्लुटोनियम, तेही एकदाच वेगळे केल्याचे सांगितले. नमुन्यांतल्या समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून मात्र हे काम अनेकदा झाल्याचे दिसले. दोन जागा दाखवा म्हटल्यावर मार्च १९९३ मध्ये त्याने अण्वस्त्र प्रसारबंदी करारातूनच बाहेर पडण्याची घोषणा केली. शेवटी २००३ मध्ये तो बाहेर पडला आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी त्याने पहिला अणुस्फोट केला. चिंता कशाने वाढते हे या दोन प्रकरणांतून कळते: तुटीच्या आकड्यापेक्षा ‘दार उघडा’ म्हटल्यावर मिळणाऱ्या उत्तराने.

तपासणीची हत्यारे साधी दिसतात. बंद केलेल्या पिंपाला तार ओवून धातूचे सील लावतात. सीलच्या टोपीच्या आतल्या बाजूच्या ओरखड्यांची नोंद आधीच केलेली असते. सील परत आले की ओरखडे ताडून पाहतात. दुसरे हत्यार म्हणजे तळहाताएवढे सुती फडके. भिंत, पंख्याचे पाते, यंत्राचा कोपरा त्याने पुसायचा आणि ते व्हिएन्नाजवळच्या झायबर्सडॉर्फ प्रयोगशाळेत पाठवायचे. धूळ झाडली, रंग दिला, फरशी बदलली तरी एखादा कण राहतोच. खाडाखोड केलेली वही निदान जाळता येते. इराकने १९९१ पूर्वी जाहीर न केलेला कार्यक्रम कागदी तपासणीत निसटला होता. त्यानंतर हे फडके आले आणि १९९७ मध्ये जादा अधिकार देणारा पूरक करारही.

इराणचे प्रकरण सर्वांत लांबले. नतान्झची समृद्धीकरण केंद्राची, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवण्याची जागा २००२ मध्ये उघड झाली. संस्थेच्या ३५ सदस्यांच्या नियामक मंडळाने सप्टेंबर २००५ मध्ये ‘पालन झाले नाही’ असा ठराव केला. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले, त्यावर दिल्लीत बराच वाद झाला. प्रकरण सुरक्षा परिषदेकडे गेले. इराण आणि अमेरिकेसह सहा देशांच्या २०१५ च्या समझोत्यात समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर बांधला गेला. २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि २०२१ पासून इराण ६० टक्क्यांपर्यंत गेला. बॉम्बसाठी साधारण ९० टक्के लागतात. पण नैसर्गिक युरेनियममधल्या ०.७ टक्क्यापासून ६० पर्यंत येण्यातच बहुतेक मेहनत संपलेली असते. तेहरानजवळच्या तुर्कुझाबादच्या गोदामात सापडलेल्या युरेनियम कणांचा समाधानकारक खुलासा मिळाला नाही. १२ जून २०२५ रोजी मंडळाने पुन्हा तोच ठराव १९ विरुद्ध ३ मतांनी केला, ११ सदस्य तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी इस्रायलने हल्ला केला, २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. जुलैत इराणने संस्थेशी सहकार्य थांबवले आणि ६० टक्क्यांच्या सुमारे ४४० किलो साठ्याची प्रत्यक्ष मोजणी खुंटली. सप्टेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध परत लागू झाले.

मंडळ स्वतः निर्बंध लावत नाही. ते प्रकरण सुरक्षा परिषदेला कळवते, आणि तिथे पाच कायम सदस्यांना नकाराधिकार आहेत. त्यामुळे सारख्याच चुकीला सारखी शिक्षा होत नाही, ही तक्रार जुनी आणि बरीचशी खरी आहे. प्रसारबंदी करारात नसलेल्या इस्रायलला असा पूर्ण हिशेब मागताच येत नाही, हे तर इराण प्रत्येक बैठकीत ऐकवतो.

या वादाची झळ रावेर-यावलच्या केळीपट्ट्यालाही लागते, कारण तिथला निर्यातीचा माल इराण आणि आखातात जातो. तिकडे तणाव वाढला की जहाजाचे भाडे आणि विमा चढतो, पैसे अडकतात आणि कापणीला आलेला घड व्यापाऱ्याच्या फोनची वाट पाहत खोडावरच पिकू लागतो. गंमत म्हणजे केळीतल्या पोटॅशियममध्ये किंचित नैसर्गिक किरणोत्सार असतो, आणि बंदरांवरची किरणोत्सार शोधणारी यंत्रे कधीकधी केळीच्या कंटेनरलाही वाजतात.