निळा कार्बन

समुद्राकाठच्या पाणथळ जागांत म्हणजे खारफुटी, खाऱ्या दलदली आणि समुद्रगवताच्या पट्ट्यांत साठून राहणारा सेंद्रिय कार्बन. ब्लू कार्बन असंही म्हणतात. निळा रंग फक्त नावात, साठा बघायला गेलं तर काळाकुट्ट चिखल. कोल्हापूरला समुद्र नाही, पण गगनबावड्यातनं घाट उतरून विजयदुर्ग-देवगडकडं जाणाऱ्यानं ओहोटीच्या वेळी खाडीकाठी कुजक्या अंड्यासारखा वास घेतलेला असतोच, आणि हा सगळा विषय त्या वासातच आहे.

नाव रूढ झालं ते 2009 सालच्या संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालामुळं. कल्पना मात्र त्याच्या बरीच आधीची, 1981 मध्येच एस. व्ही. स्मिथ यांनी समुद्री वनस्पती कार्बन साठवतात असं मांडलं होतं. फरक एवढाच की स्मिथ यांच्या मांडणीत समुद्री शेवाळ पण होतं आणि 2009 च्या तिघांत ते नाही, शेवाळाला मुळं नसतात, ते खडकावर वाढतं, त्याच्याखाली चिखल साठत नाही. वाहून जाऊन खोल समुद्रात पुरलं जाणारं शेवाळ मोजायचं का यावर अजून वाद आहे. मोजणं अवघड म्हणून ते बाहेर ठेवणंच सध्या बरं वाटतं.

साठा होतो कसा, तर भरतीच्या पाण्यानं कायम भिजलेल्या चिखलात वरच्या पातळ थराखाली ऑक्सिजन संपतो. मग मुळं-पानं कुजवायला जे जिवाणू उरतात ते समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, त्यांचं काम संथ, त्यातनं हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच तो वास. पाला पूर्ण कुजायच्या आत वरनं नवा गाळ बसतो. 2011 मध्ये डोनाटो आणि सहकाऱ्यांनी हिंद-प्रशांत भागातल्या 25 खारफुटींत सरासरी हेक्टरी 1,023 टन कार्बन मोजला, म्हणजे साधारण 3,750 टन कार्बन डायऑक्साइड, आणि त्यातला बहुतेक झाडात नाही तर मातीत. हा आकडा कोकणातल्या अरुंद खाड्यांना जसाच्या तसा लावू नये.

साठण्याचा वेग काढायला शिसे-210 वापरतात, म्हणजे गाळात सापडणारं, काळानुसार ठरल्या वेगानं घटत जाणारं किरणोत्सारी शिसं. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, 22 वर्षांच्या आसपास, त्यामुळं शंभर-दीडशे वर्षांपर्यंतचेच थर धड कळतात, त्याच्या खाली कार्बन-14 लागतो, तोही किरणोत्सारी पण फार हळू घटणारा. पण खेकडे बिळं करून चिखल वरखाली करत असतात, मग जुना थर तरुण दिसतो आणि वेग फुगतो. 2011 च्या एका गाजलेल्या संकलनात खारफुटीचा वेग वर्षाला चौरस मीटरमागं सुमारे 226 ग्रॅम कार्बन दिलाय. नंतरचे अंदाज बऱ्याचदा याच्या खाली येतात, तेच जास्त पटतात.

दुसरा घोळ म्हणजे हा कार्बन कुणाचा. खाडीतला सगळा काही तिथल्याच झाडांचा नसतो, नदीनं वरनं आणलेलाही असतो. आपली पंचगंगा कोकणात उतरत नाही, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला, तिच्या त्रिभुज प्रदेशात खारफुटी आहे. म्हणजे राधानगरीच्या जंगलातला पालापाचोळा आंध्रात पुरला जाऊ शकतो, कागदावर तरी. प्रत्यक्षात वाटेत आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं आहेत, गाळ मोठ्या प्रमाणात तिथंच अडकतो. असा पाहुणा कार्बन खारफुटीच्या खात्यावर धरायचा का, यावर एकमत नाही.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावात पण चिखल आहेच की, मग तिथं का नाही? साठतो तिथंही, पण गोड्या पाण्यात सल्फेट कमी, त्यामुळं मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव जोर करतात, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट तापवतो. खारटपणा हजारी 18 भागांच्या वर गेला की मिथेन बराच कमी होतो असं साधारण धरतात, समुद्राचं पाणी 35 च्या आसपास असतं. खाडीच्या वरच्या टोकाला गोडं पाणी मिसळतं, तिथं म्हणून सावध राहावं लागतं.

हवामानबदल रोखण्यात याचा वाटा लहान, जगाच्या उत्सर्जनाच्या मानानं फार तर काही टक्के. नवीन झाडं लावण्यापेक्षा जुना चिखल न हलवणं मोलाचं, कारण बांध घालून कोळंबीची तळी केली की चिखलाला हवा लागते आणि शतकांचा साठा काही दशकांत उडायला लागतो.

भारतात 2021 च्या वन सर्वेक्षणानुसार खारफुटी 4,992 चौरस किलोमीटर, त्यातली महाराष्ट्रात 324. राज्यात 2012 पासून स्वतंत्र कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष आहे, तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाची बंदी 2005 पासूनची. कार्बन क्रेडिटवाल्यांची, म्हणजे कार्बन राखल्याचं किंवा साठवल्याचं प्रमाणपत्र विकणाऱ्यांची, पंचाईत इथंच होते, जे तोडायलाच बंदी आहे ते राखल्याचं क्रेडिट मागायचं कसं, म्हणून उजाड खाजणात पुन्हा पाणी खेळवून खारफुटी आणायची एवढीच वाट त्यांना त्यातल्या त्यात मोकळी राहते.