वारी आणि काशीयात्रा: फरक कुठे पडतो?

काशीयात्रा एकदा घडली की पुरी होते. प्रयाग, काशी, गया ही त्रिस्थळी. संगमावर मुंडन, विश्वेश्वराचं दर्शन, गयेला विष्णुपदाशी पितरांचे पिंड. घरी आल्यावर गंगापूजन करून मावंदं, म्हणजे यात्रेनंतरचं जेवण, घातलं, की सांगता. रेल्वेआधी या वाटेला महिने लागत, म्हणून माणूस निरवानिरव करूनच निघे. आता विमानाने गेलं तरी यात्रेत काही उणं राहत नाही, कारण विधी सगळे तीर्थावर आहेत.

वारीला सांगता नाही. ती घराण्यात चालत येते. बापाला जमेनासं झालं की मुलगा जातो. ठरलेल्या एकादशीला पंढरपुरात हजर व्हायचं, हा नेम. एसटीने येऊन तो पाळणारे कितीतरी आहेत, त्यांना कमी लेखू नये. पण पायी वारीत वाट हीच उपासना. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची, अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त हैबतरावबाबा आरफळकरांनी लावली. ती बघायची तर संध्याकाळी तळावर समाजआरतीला थांबा. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मगच आरती. इतका मोठा समाज असा चालतो, हे मला वारीतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पालख्या पायीच परत फिरतात. गर्दी तोवर एसटीने घरी गेलेली असते. परतवारीला मोजकी माणसं उरतात.

एकच दिवस चालायचं असेल तर पुणे ते सासवड हा टप्पा बहुतेक जण निवडतात. तीस किलोमीटरच्या वर चाल आणि मध्ये दिवे घाट. ही वाट माउलींची; तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे वळते, आणि हडपसरला नवखे हमखास चुकीच्या गर्दीत शिरतात. नवे बूट घालू नका, ओल्या मोज्यांत फोड येतात. दोन दिंड्यांच्या मधे किंवा टाळकऱ्यांच्या रांगेत घुसू नका, पावली, म्हणजे तालावरचं नाचतं पाऊल, मोडते; कडेने चाला. पूर्ण वारी करायची तर आधीच दिंडीत नाव घालून भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरा. जेवण, राहुटी आणि ट्रकमध्ये सामानाला जागा त्यातूनच मिळते.